कोडिंगच्या मुलाखतीला जाताना

मेडिकल कोडिंगच्या मुलाखतीत कोड किती पाठ आहेत, यापेक्षा डॉक्टरांची नोंद वाचता येते का, हे महत्त्वाचं. पुण्या-मुंबईतल्या अनेक कंपन्या अमेरिकी रुग्णांच्या नोंदी हाताळतात. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५पासून आयसीडी-१०-सीएम ही निदानांच्या कोडची पद्धत लागू आहे. समजा, बाह्यरुग्णाच्या नोंदीत ‘न्यूमोनियाची शक्यता’ लिहिलंय. कोड न्यूमोनियाचा द्यायचा नाही. खोकला, ताप या लक्षणांचा द्यायचा. दाखल रुग्णाला घरी सोडतानाच्या नोंदीत तेच शब्द असतील, तर मात्र न्यूमोनियाचाच कोड लागतो. हा फरक स्वतःच्या शब्दांत सांगण्याचा सराव कराच. टाइप २ मधुमेहामुळे मूत्रपिंडाचा जुनाट आजार झाला असेल, तर ई११.२२ सोबत आजाराचा टप्पा सांगणारा एन१८ गटातला कोडही जोडतात. या पद्धतीची मूळ मार्गदर्शक तत्त्वं इंटरनेटवर मोफत मिळतात, तीच वाचा. आधीच्या नोकरीतलं उदाहरण देताना रुग्णाची ओळख पटेल असं काहीही बोलू नका.