हौशी मोटार-शर्यत आणि चाकांचे माप

विदर्भातील मनुष्यास शर्यत ही गोष्ट परकी नाही. सुगी आटोपली, कापूस घरात आला, की गावोगावी शंकरपटाची बोलणी सुरू होतात. मध्यंतरी ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलांच्या शर्यती बंद झाल्या होत्या. पुढे १६ डिसेंबर २०२१ रोजी महाराष्ट्रातील शर्यतींस अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. ह्या शंकरपटाचा छकडा ज्याने पाहिला आहे, त्यास एक गोष्ट सहज ध्यानात येते. ओझे वाहणारी गाडी आणि पटात धावणारा छकडा ह्यांची चाके सारखी नसतात. एक भारासाठी घडविलेले असते, दुसरे वेगासाठी. चाक कोणते चांगले, ह्या प्रश्नास ते कोणत्या कामासाठी व कोणत्या भूमीवर, हे विचारल्यावाचून उत्तर देता येत नाही. मोटारीच्या शर्यतीसही हाच नियम तंतोतंत लागू पडतो.

ज्या शर्यतीचा येथे विचार करावयाचा, तिला ऑटोक्रॉस असे म्हणतात. हीत मोटारी एकमेकींशेजारी धावत नाहीत. मोकळ्या पटांगणावर शंकूच्या आकाराच्या खुणा मांडून एक वळणावळणाची वाट आखतात. स्पर्धकाने आपली मोटार एकट्याने त्या वाटेवरून न्यावयाची आणि घड्याळाने वेळ मोजावयाचा. खूण पाडली तर दंडाचे सेकंद वाढतात. अमेरिकेत १९४४ साली स्थापन झालेल्या स्पोर्ट्‌स कार क्लब ऑफ अमेरिका ह्या संस्थेच्या स्पर्धा डांबरी वा सिमेंटच्या पटांगणावर होतात. इंग्लंडात व आपल्याकडे मात्र ऑटोक्रॉस हा शब्द बहुधा कच्च्या जमिनीवरील शर्यतीस लावतात. शर्यत लहान असते, एक फेरी सामान्यतः मिनिटा-दोन मिनिटांत संपते आणि वेग फारसा वाढत नाही. म्हणूनच साध्या घरगुती मोटारीने भाग घेण्यास ती सोयीची आहे. सार्वजनिक रस्त्यावर शासनाच्या लेखी संमतीवाचून शर्यत लावणे हा मात्र १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ अन्वये गुन्हा होय.

आता बाभुळगावच्या एखाद्या तरुणाची कल्पना करावी. घरी एकच मोटार आहे. तीच यवतमाळच्या दवाखान्यात जाते, तीच धामणगावला आगगाडीच्या पाहुण्यांस आणावयास जाते, आणि तीच घेऊन त्यास नागपूरला किंवा नाशिकला शर्यतीत उतरावयाचे आहे. त्याच्या मनात पहिली इच्छा येते ती मोठ्या, चकचकीत, रुंद चाकांची. दुकानात ती ओळीने टांगलेली असतात आणि ती घातलेली मोटार दिसते देखणी. परंतु हौसेपोटी खर्चिलेला हा पैसा पुष्कळदा मोटारीस अधिक मंद करतो, आणि प्रसंगी घरच्या माणसांचा प्रवास धोक्याचा करतो. यास्तव निवडीचा क्रम नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम टायरवरील अक्षरे वाचावयास शिकावे. मारुती स्विफ्ट ही गाडी उदाहरणार्थ घेऊ. तिच्या कमी किमतीच्या नमुन्यावर १६५/८० आर १४ असे माप असते. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो. दुसरा सांगतो, की टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या शेकडा ८० आहे. आर हे अक्षर टायरच्या आतील धाग्यांची रचना रेडियल आहे असे दर्शविते. ह्या रचनेचा हक्क फ्रान्समधील मिशलॅं कंपनीने १९४६ साली नोंदविला. शेवटचा आकडा हा रिमचा व्यास इंचांत देतो.

आता थोडे गणित करावे. १६५ चे शेकडा ८० म्हणजे १३२ मिलिमीटर. भिंत वर एक व खाली एक, म्हणून २६४. चौदा इंच म्हणजे सुमारे ३५६ मिलिमीटर. बेरीज ६२० झाली. हा संपूर्ण चाकाचा व्यास. त्याच गाडीच्या महाग नमुन्यावर १८५/६५ आर १५ हे टायर येतात. त्यांचे गणित केले असता उत्तर सुमारे ६२२ येते. रिम एक इंचाने मोठी झाली, टायर रुंद झाले, तथापि चाकाची एकूण उंची जवळजवळ तीच राहिली. हा योगायोग नव्हे. वेग दाखविणारा काटा, गियरांची योजना आणि चाकावरील पत्र्याची पोकळी ही सर्व त्या एका उंचीस धरून आखलेली असतात. मूळ उंचीपासून दोन-तीन टक्क्यांपलीकडे जाऊ नये, असे जाणते कारागीर सांगतात ते ह्याचसाठी.

उंची बदलली असता काय घडते? समजा, त्या तरुणाने १८५/६५ आर १५ काढून १९५/५५ आर १५ घातले. ह्याचा व्यास सुमारे ५९६ मिलिमीटर, म्हणजे शेकडा चार कमी. चाक लहान झाले, की इंजिनाचा तोच जोर जमिनीवर अधिक ओढ देतो. विहिरीच्या रहाटाचे चाक लहान केल्यासारखेच हे आहे. वळणातून बाहेर पडताना मोटार चपळ भासते, हा लाभ खरा. पण त्याची किंमतही द्यावी लागते. ज्या मोटारीचा दुसरा गियर ताशी ९० किलोमीटरला संपतो, तिचा तो आता ८६ लाच संपेल. वाटेत एखादा लांब सरळ तुकडा असला, तर तेथे तिसरा गियर टाकावा लागेल आणि कमावलेला वेळ तेथेच गमावला जाईल. शिवाय मोटारीचे पोट जमिनीकडे १३ मिलिमीटर खाली येईल, आणि काटा १०० दाखवील तेव्हा खरा वेग ९६ च असेल.

दुसरा प्रश्न रुंदीचा. रुंद टायर म्हणजे जमिनीशी अधिक स्पर्श, असा समज सार्वत्रिक आहे. तो पुरता खरा नाही. मोटारीच्या पुढच्या एका चाकावर २८० किलो भार आहे असे धरावे. टायरात ३० पौंड हवा आहे, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.१ किलो दाब. भारास दाबाने भागिले असता १३३ चौरस सेंटिमीटर येतात. इतकाच, तळहाताएवढा, तुकडा जमिनीस टेकलेला असतो. टायर रुंद केले व हवा तेवढीच ठेवली, तर हे क्षेत्रफळ फारसे बदलत नाही. त्याचा आकार बदलतो. तो लांबट होता, आता आडवा व आखूड होतो. डांबरी पटांगणावर वळताना हा आडवा आकार उपयोगी पडतो, कारण टायर कमी मुरडते आणि रबरावरील ताण सारखा वाटला जातो. परंतु टायरच्या रुंदीस साजेशी रिमची रुंदीही पाहिजे. अरुंद रिमवर रुंद टायर चढविले, तर ते फुग्यासारखे बाहेर येते आणि वळणावर त्याची भिंत कलंडते.

कच्च्या जमिनीवर मात्र हिशेब उलटतो. तेथे वर सुटी माती असते व खाली घट्ट थर. अरुंद टायर सुट्या मातीस कापून घट्ट थरापर्यंत पोहोचते. रुंद टायर मातीवर तरंगते. उंच भिंत असली, की खड्ड्याचा व दगडाचा धक्का रबर सोसते. बुटकी भिंत तो सरळ रिमवर टाकते. जागतिक रॅली स्पर्धेचेच उदाहरण पाहावे. त्या धनाढ्य संघांस कोणतेही चाक विकत घेता येईल, तरी कच्च्या रस्त्यावर ते १५ इंचांची रिम वापरतात आणि डांबरी रस्त्यावर १८ इंचांची. मोटार एकच, पण भूमी बदलली की चाक बदलते. तेव्हा १६५/८० आर १४ हे जे साधे टायर पाहून आपला तरुण ओशाळतो, तेच मातीच्या पटांगणावर त्याचे खरे मित्र ठरण्याचा संभव आहे. बाभुळगावच्या काळ्या रेगडीत तर आणखी एक अडचण असते. पाऊस पडला, की ती माती चाकास चिकटून टायरच्या सगळ्या खाचा भरून टाकते. तेथे खोल, एकमेकींपासून दूर असलेल्या खाचांचे टायरच थोडेफार तग धरते.

तिसरा विचार वजनाचा. लाकडी चाकावर लोहार लोखंडी पट्टी तापवून चढवितो, तिला धाव म्हणतात. धाव जड असली, की बैलास गाडी हलविताना व थांबविताना अधिक कष्ट पडतात, हे शेतकरी जाणतो. मोटारीत धावेचे काम टायर करते. चाकाच्या कडेस वाढलेला एक किलो मोटार वेग घेताना जवळजवळ दोन किलोंसारखा जाणवतो, कारण त्यास पुढेही न्यावयाचे असते आणि फिरवावयाचेही असते. सतरा इंचांची मिश्रधातूची रिम दिसावयास नाजूक असली, तरी ती लहान पोलादी रिमपेक्षा हलकी असेलच असे नाही. दुकानात तराजू मागून ती प्रत्यक्ष तोलून पाहावी. त्याचप्रमाणे खिळ्यांचे वर्तुळ जुळते किंवा नाही हेही पाहावे. स्विफ्टला १०० मिलिमीटर वर्तुळावर चार खिळे असतात. रिमचे तोंड मुळापेक्षा फार बाहेर आले, तर स्टिअरिंग हिसके देऊ लागते व बेअरिंगावर ताण येतो.

चौथी गोष्ट रबराची, आणि खरे पाहता तीच सर्वांत अधिक फळ देणारी. ऑटोक्रॉसची फेरी इतकी लहान असते, की टायर तापावयास अवधी मिळत नाही. म्हणून थंड असतानाच जमीन धरणारे मऊ रबर येथे हवे. अमेरिकेत टायरवर झिजेचा एक आकडा छापतात. तो जितका लहान, तितके रबर बहुधा मऊ. उपरोक्त अमेरिकन संस्थेच्या साध्या मोटारींच्या वर्गात २०० पेक्षा लहान आकड्याचे टायर चालत नाही, आणि रिमची रुंदी मूळचीच ठेवून व्यास फक्त एक इंच कमी-अधिक करता येतो. नियम करणाऱ्यांचा हेतू उघड आहे. स्पर्धा चालविण्याच्या कौशल्याची व्हावी, पैशाच्या थैलीची होऊ नये.

हवेचा दाब ठरविण्याची एक युक्ती तर कोणासही परवडण्याजोगी आहे. टायरच्या खांद्यावर, म्हणजे जमिनीस टेकणारा भाग संपून भिंत सुरू होते तेथे, खडूने आडवी रेघ ओढावी. फेरी झाल्यावर रेघ किती पुसली गेली ते पाहावे. पुसट भिंतीपर्यंत उतरली असेल, तर टायर फार कलंडले. हवा एक-दोन पौंडांनी वाढवावी. खांद्यापर्यंत पुसटच आली नसेल, तर हवा अधिक झाली. ती तितकीच कमी करावी. मातीवर खडूची खूण नीट राहत नाही, तेथे घड्याळावर विश्वास ठेवावा. खडूच्या एका तुकड्याने जो लाभ होतो, तो कित्येकदा नव्या चार रिमांनीही होत नाही.

ह्यानंतरचा प्रश्न घड्याळाशी संबंधित नाही, आणि तरीही तोच अखेर महत्त्वाचा. शर्यत संपल्यावर तीच मोटार घरी परत यावयाची असते. वाटेत समृद्धी महामार्ग लागला, तर तेथे मोटारींस ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. उन्हाळ्यात तापलेल्या सिमेंटवर कमी हवेचे टायर आतून तापते व फुटू शकते. म्हणून पटांगण सोडण्यापूर्वी दाराच्या चौकटीवर कारखान्याने लिहिलेल्या आकड्याइतकी हवा पुन्हा भरून घ्यावी. टायरवरील भाराचा अंक व वेगाचे अक्षर मूळच्या टायरपेक्षा कमी नसावे. ८२ हा अंक ४७५ किलो भार दर्शवितो, आणि एच हे अक्षर ताशी २१० किलोमीटर वेग. भिंतीवर चार आकडे एका चौकटीत असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेले. स्वस्तात मिळालेले जुने टायर घेण्यापूर्वी ते आकडे वाचावेत. खाचांची खोली १.६ मिलिमीटरहून कमी झालेले टायर रस्त्यावर चालविणे नियमाविरुद्ध आहे. पावसात असे टायर पाणी बाजूस सारू शकत नाही, आणि मग ब्रेक दाबूनही मोटार घसरत जाते.

अशा रीतीने खर्चाचा क्रम आपोआप लागतो. पहिल्या हंगामात काहीच विकत घेऊ नये. आहेत ती चाके नीट जुळवून घ्यावीत, हवेचा दाब शिकावा आणि फेऱ्या माराव्यात. दुसऱ्या हंगामी, मूळ मापाचेच पण चांगल्या रबराचे टायर घ्यावेत. शर्यती बहुधा मातीवर असतील तर खोल खाचांचे, डांबरावर असतील तर उथळ खाचांचे. त्यानंतरही हौस टिकली व पैसा शिल्लक राहिला, तर शर्यतीपुरता चार हलक्या रिमांचा दुसरा संच करावा आणि घरची चाके घरच्या प्रवासासाठी राखून ठेवावीत.

अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण केवळ पैशाविषयी नाही. चाकाचे अंथरूण म्हणजे भूमी. तिला विचारून माप ठरविणारा स्पर्धक कदाचित पहिला येणार नाही. परंतु तो दर वेळी थोडा अधिक वेगवान होत जाईल, आणि त्याच्या मोटारीत बसून यवतमाळच्या दवाखान्यात जाणाऱ्या त्याच्या वृद्ध आईच्या प्रवासास त्याच्या हौसेमुळे कोणताही धोका उत्पन्न होणार नाही.