कमाल दराच्या पलीकडचे आकडे

नामपूर बाजार समितीत उन्हाळ कांदा नेण्यापूर्वी मोबाइलवरच्या कमाल दरावर नजर खिळते. पण तो दर मोजक्याच वक्कलांना मिळतो. केंद्राच्या ‘ॲगमार्कनेट’वर बाजारनिहाय आवक आणि किमान, कमाल, सर्वसाधारण दर दिसतात. त्यांतला सर्वसाधारण दर आवकेशी ताडून, शेजारच्या सटाणा, उमराणे, मालेगावच्या दरांतून वाहतूक खर्च वजा करून पाहिला, तरच निर्णयाला आधार मिळतो. डिसेंबर २०२३च्या कांदा निर्यातबंदीने सारे अंदाज कोलमडले, हा अशा आकडेमोडीवरचा आक्षेप खरा आहे आणि त्याची झळ शेतकऱ्यानेच सोसली. म्हणूनच आकड्यांवरून उद्याचा भाव वर्तवू नये. कांदाचाळीतली घट आणि सड धरून आपला परवडणारा दर ठरवावा, माल टप्प्याटप्प्याने काढावा. लिलावाला निघण्यापूर्वी निदान पंधरवड्याचे सर्वसाधारण दर वहीत उतरवा.