मृगातला बूट

मृगाचा पहिला दणका बसला की बेळगाव-निपाणी पट्ट्यात कोल्हापुरी पायातून उतरते आणि माळ्यावर जाते. दसऱ्यापर्यंत तिचं नाव नाही. बाजारात तेव्हा रबरी आणि प्लास्टिकच्या पायताणांचे दिवस असतात. चामड्याची एवढी जाण असलेला मुलूख वर्षाचे चार महिने चामडं पायात घालत नाही, आणि त्यात कुणाला वावगंही वाटत नाही. वाटावं असं काही नव्हतंच; शेतात अनवाणी, गल्लीत रबरी, एवढ्यावर भागत होतं. पंचाईत केली ती मोटरसायकलीनं. चोर्ला घाटाच्या वाटेवर कणकुंबीजवळ ताशी साठच्या वेगात पाऊस नडगीवर आदळतो तेव्हा चप्पल काही कामाची नसते, आणि गाडी आडवी झाली तर घोट्याला ती काय वाचवणार? म्हणून आता बुलेटवाली पोरं मापाचा चामडी बूट शिवून मागतात. हौसेनं भरभक्कम गावठी चामडं निवडतात. पहिल्याच आषाढात त्याचा पापड होतो.

दोष शिवणाऱ्याचा नसतो, निवडणाऱ्याचा असतो. कोल्हापुरीचं चामडं कमावतात कसं ते एकदा बघितलं की हे कळतं. कातडं आधी चुन्यात टाकून केस काढतात. मग बाभळीची साल आणि हिरडा. जुन्या रीतीत कातड्याचीच पिशवी शिवायची, ती टांगायची आणि आत सालीचा अर्क भरायचा. तो झिरपून खाली येतो, पुन्हा वरून ओततात, पुन्हा झिरपतो. सालीतलं टॅनिन असं हळूहळू कातड्याच्या तंतूंना धरतं. तयार होणारं चामडं घट्ट, जाड, आकार धरून ठेवणारं. घाम पितं आणि पायाच्या ठशाप्रमाणे बसतं. चपलेला यापेक्षा चांगलं काही नाही. पण तेच चामडं तासभर पावसात राहिलं की फुगतं, तपकिरी पाणी सोडतं, मोजे रंगवतं आणि वाळल्यावर कडक होतं. त्यातून कुणी घाईनं चुलीशेजारी ठेवलं तर संपलंच. सालीनं कमावलेलं ओलं चामडं ७०-८० अंशांच्या आसपास आक्रसतं आणि पुन्हा मूळ मापावर येत नाही.

नकाशा बघितला तर यात एक मजा आहे. चपलेचा धंदा जिथं बहरला त्या अथणी-मधभावीकडे वर्षाला ६०० मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस. बेळगाव शहरात १,२०० ते १,३००. शहरातून आंबोलीकडे निघालात तर तिथं ७,०००च्या घरात. म्हणजे बेळगाव जिल्ह्याच्या कोरड्या टोकाला घडलेली विद्या आपण ओल्या टोकाच्याही पलीकडे घेऊन जातो आणि ती टिकली नाही म्हणून कारागिराला बोल लावतो.

पावसाला तोंड देणारं चामडं वेगळं, क्रोमचं. क्रोमियमच्या क्षारांनी कमावण्याचं पेटंट अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झ यांनी १८८४ साली घेतलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आल्फ्रेड चॅटर्टन यांनी ही पद्धत मद्रासेत रुजवली. चेन्नईच्या क्रोमपेट उपनगराचं नावच तिथल्या क्रोम लेदर कारखान्यावरून पडलेलं आहे. हे चामडं उकळत्या पाण्याच्या आसपासची उष्णताही सोसतं, भिजून वाळलं तरी मऊ राहतं आणि लवकर वाळतं. कारखान्यातच तेल-मेण मुरवलेलं घेतलं तर आणखी बरं. वरच्या भागाला तेच हवं. मात्र पायाखालचा आतला तळ सालीच्या चामड्याचाच घ्यावा. घाम तोच पितो. शिवाय क्रोममुळे काहींच्या त्वचेला खाज सुटते. युरोपात २०१५ पासून चामड्यातल्या घातक क्रोमियम-६ला किलोमागे ३ मिलिग्रॅमची मर्यादा आहे, ती उगीच नाही. तेव्हा वर मद्रास आणि आत अथणी, अशी सोयरीक जमवायची.

आता खरा वाद. गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं, पाणी जाणार नाही ना? बेळगावच्या खडेबाजारात एका वयस्कर कारागिराला हेच विचारलं तर ते हसले. "भिजणारच की ओ. भिजला तर भिजू दे, सकाळपर्यंत वाळला पाहिजे." मला हे म्हणणं महागड्या जाहिरातींपेक्षा शास्त्राच्या जास्त जवळचं वाटतं. १९६९ साली बॉब गोर यांनी टेफ्लॉन ताणून जो पातळ पडदा बनवला, त्याच्या जातीचे पडदे परदेशी बुटांत असतात. बाहेरचं पाणी आत येत नाही, घामाची वाफ मात्र बाहेर जाते. पण वाफ जाते ती आतल्या आणि बाहेरच्या बाष्पदाबातल्या फरकामुळे. पायाजवळच्या ३४ अंशांच्या ओलसर हवेत हा दाब साधारण ५.३ किलोपास्कल. युरोपातल्या ५ अंशांच्या थंडीत बाहेर तो एका किलोपास्कलपेक्षाही कमी. आपल्या श्रावणात, २४ अंश आणि ९० टक्के दमटपणा धरला, तर २.७. वाफ बाहेर ढकलणारा जोर आपल्याकडे निम्म्याच्या आसपास उरतो. त्यात पँटवरून ओघळलेलं पाणी बुटाच्या तोंडातून आत शिरतं, आणि मग तोच पडदा ते बाहेर जाऊ देत नाही. पाय तासन्‌तास पाण्यात.

व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकी सैन्यानं नेमका उलटा विचार केला. त्यांच्या जंगल बुटाला तळपायाच्या आतल्या कमानीजवळ जाळीची छिद्रं ठेवली होती. पाणी आत आलं तर चालताना बाहेर पडावं म्हणून. पायदळाचा हा धडा मोटरसायकलीला लागू पडतो असं माझं मत आहे. आतल्या बाजूला पितळी जाळीची दोन छिद्रं, अस्तर पातळ, फोमचा भरणा फक्त घोट्यावर, आणि जीभ दोन्हीकडून वरपर्यंत शिवलेली. मुसळधार लागली तर वरून रबरी कव्हर चढवावं. झिप टाळा. घाटातली लाल माती तिच्यात बसली की ती हलत नाही.

मापाचं काम बघण्यासारखं असतं. जमिनीवर कागद, त्यावर उभा पाय, आणि पेन्सिल सरळ धरून फिरवलेली रेघ. पेन्सिल कलली की माप गेलं. मग फीत चवड्याभोवती, मधल्या कमानीभोवती, टाचेपासून वर घोट्यापर्यंत, शेवटी पोटरीला. दोन्ही पायांची मापं वेगळी, कारण पाय क्वचितच सारखे असतात. दिवसभरात पाय फुगतो, म्हणून माप संध्याकाळी, आणि गाडीवर घालणार तेच मोजे घालून. तयार फर्मा, म्हणजे पायाच्या आकाराचा साचा, चवड्याला कमी पडला तर कारागीर त्यावर चामड्याचे तुकडे चिकटवून तो वाढवतो. तयार बुटात हे होत नाही. लहानपणापासून काय घातलं यावर पाय घडतो. मणिपालच्या उदय राव आणि बेंजामिन जोसेफ यांनी २,३०० मुलांची पाहणी करून १९९२ साली दाखवलं की पादत्राण वापरणाऱ्यांत सपाट पाय ८.६ टक्के, अनवाणी मुलांत २.८. अनवाणी वाढलेला मोकळ्या बोटांचा पाय विलायती अरुंद फर्म्यात कोंबला की घाट चढण्याआधीच करंगळी बोंब मारते.

कारागिरानं आणखी एक विचारायला हवं, आणि नाही विचारलं तर आपण सांगावं: गाडी कुठली? जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला असायचा, बाकीच्या गाड्यांचा डाव्या. ज्या पायानं गिअर वर उचलायचा त्याच्या चवड्यावर चामड्याचा जास्तीचा थर लागतो. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांना टाचेनं दाबायचाही गिअर असतो, म्हणून टाच फार रुंद नको. तळ फार जाड झाला तर पाय गिअरखाली शिरत नाही. टायरचा तळ दमदार, पण जड आणि ओल्या फरशीवर बेभरवशाचा. तेलाला टिकणारं खाचांचं रबर घ्यावं. पीयूचा तळ कितीही हलका असला तरी नको. दमट हवेत तो आतून फुटत जातो आणि कपाटातल्या कपाटात त्याचा भुगा होतो. तळ चिकटवलेला नको, शिवलेला हवा. तोही नायलॉनच्या दोऱ्यानं, सुती दोरा कुजतो. लोखंडी खिळा आणि रिंगही नको. सालीच्या चामड्यात ओलं लोखंड काळे डाग पाडतं आणि ते चामडं खातं. कोल्हापुरी चामड्याच्याच वादीनं शिवतात, खिळ्याशिवाय. हे शहाणपण जुनंच आहे.

या सगळ्यात एक मोठी उणीव आहे, ती झाकून उपयोग नाही. युरोपचं ईएन १३६३४ हे मोटरसायकल बुटांचं मानक घासणं, कापणं आणि आडवं दडपणं यांच्या चाचण्या घेतं. गाडी पायावर पडली तर तळ आडवा मुडपू नये, ही त्यातली सर्वात महत्त्वाची. बाजारात शिवलेल्या बुटाला असली कुठलीच चाचणी नसते. तळात पोलादी पट्टी आणि घोट्याच्या दोन्ही बाजूंना कडक वाट्या आग्रहानं घालून घ्याव्यात. तरीही ते प्रमाणपत्र नव्हे. महामार्गावरून रोज पुण्याकडे वेगानं धावणाऱ्यानं प्रमाणित बूट विकत घ्यावा आणि घाम सोसावा. घाट, गाव, शेत अशा हिंडण्याला हा मापाचा.

किमतीवरून घासाघीस होते तेव्हा मात्र राग येतो. चामडं ढोर समाजानं कमवायचं, चर्मकार किंवा समगार समाजानं शिवायचं, आणि भाव तिसऱ्यानं ठरवायचा, ही इथली जुनी वाटणी. याच कानडी-मराठी मुलखात बाराव्या शतकातले याच समाजांतले शरण, म्हणजे संत, हरळय्या आणि कक्कय्या आदरानं आठवले जातात, तरी रापी धरणाऱ्या हाताची मजुरी द्यायची वेळ आली की खिसा आखडतो. २०२५च्या जूनमध्ये मिलानच्या मंचावर प्राडानं कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली तेव्हा आपण सगळे खवळलो. ते बरोबरच होतं. ती चप्पल आपली म्हणायला आधारही आहे; तिचं भौगोलिक मानांकन महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकाच्या चार जिल्ह्यांचं मिळून आहे. सीमाप्रश्नात जे साधलं नाही ते पायताणात साधलं म्हणायचं.

निगा साधी आहे. भिजून आलात की आतला तळ काढा, वर्तमानपत्राचे बोळे भरा, तासाभरानं बदला, पंख्याखाली ठेवा. ऊन नको, चूल नको. पूर्ण वाळल्यावर मेण घातलेलं चामड्याचं तेल हलकं फिरवा. खोबरेल थापू नका, बुरशीला बोलावणं जातं. प्लास्टिकच्या पिशवीत कधीच ठेवू नका.

आणि माप मे महिन्याच्या शेवटी द्यायला जाऊ नये, तेव्हा सगळेच जातात. दिवाळी उरकली की द्यावं. शिवणीला वेळ मिळतो, उन्हाळाभर बूट पायात रुळतो, कुठं चावतो ते कळतं आणि मृगाच्या आधी दुरुस्तीला एक फेरी मारता येते.