गावचा पेपर – लेखांक ४ : सरकार नावाचा वाचक

मागच्या आठवड्यात आपण एकोणिसाव्या शतकातल्या ‘कल्पतरू आणि आनंदवृत्त’ या सोलापूरच्या साप्ताहिकाची ओळख करून घेतली. अशा देशी पत्रांतल्या मजकुराचे इंग्रजी सारांश मुंबई सरकारचा अनुवादक दर आठवड्याला तयार करी आणि ते वरिष्ठांपुढे जात. म्हणजे अंकाचा खप कितीही असो, एक वाचक पक्का होता : सरकार. या वाचकाचा संयम कधी सुटला, ते आज पाहू.

२७ एप्रिल १९३० रोजी व्हाइसरॉय आयर्विन यांनी वटहुकूम काढून १९१० च्या प्रेस कायद्याची कलमे पुन्हा लागू केली. सरकारला वाटेल तेव्हा छापखान्याकडून जामीन मागायचा आणि मजकूर खटकला तर तो जामीन जप्त करायचा, अशी ही व्यवस्था होती. मोठ्या पत्राला हा फटका झेपे. गावच्या पेपरचे सगळे भांडवलच एक यंत्र आणि शिशाचे खिळे एवढे. जामीन गेला की पेपर गेला.

सोलापूरला मात्र याहून मोठा वरवंटा फिरायचा होता. ५ मे रोजी गांधीजींना अटक झाली आणि गिरण्यांचे हे गाव पेटले. ८ मे रोजी रूपाभवानी मंदिराच्या परिसरात दारूविरोधी सत्याग्रह म्हणून शिंदीची झाडे तोडायला गेलेल्या लोकांना पोलिसांनी अडवले. पुढे गोळीबार झाला, त्यात शंकर शिवदारे पडले. संतापलेल्या जमावाने मंगळवार पेठेतली चौकी जाळली. त्यानंतर काही दिवस शहरात इंग्रजी अंमल नावालाच उरला. १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला, तो ३० जूनपर्यंत चालला.

जामीन मागण्याची भाषा आता संपली. ‘कर्मयोगी’चे संपादक रामभाऊ राजवाडे यांना मार्शल लॉखाली सात वर्षांची शिक्षा झाली. ‘गझनफर’ हे पत्र चालवणारे कुर्बान हुसेन जेमतेम विशीतले. ‘गझनफर’ म्हणजे अरबीत सिंह, म्हणजे पुण्याच्या ‘केसरी’चा हा सोलापुरी नावबंधूच. हिंदू-मुस्लिम ऐक्य हा त्यांचा ध्यास होता. त्यांच्यावर मात्र लेखाबद्दल नव्हे, तर मंगळवार पेठ चौकीच्या प्रकरणात खटला झाला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांच्यासह १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात त्यांना फाशी दिली गेली.

एवढ्या लहान पत्राची सरकारला एवढी धास्ती का वाटावी? मुंबई-पुण्याच्या पत्रांतला अग्रलेख हे मत असते, आणि मताला प्रतिमत देता येते. गावच्या पेपरचा वाचक घटनेच्या जागी स्वतः उभा असतो. गोळी कुठून आली हे त्याला ठाऊक असते. पेपरात तेच छापून आले की त्याने डोळ्यांनी पाहिलेले साऱ्या गावाची साक्ष बनते. त्यात सोलापूर तेलुगू, कन्नड, उर्दू आणि मराठीचे गाव. अंक एका भाषेत निघाला तरी बातमी पेठेपेठेतून चारही भाषांत फिरणार. अशी साक्ष पुसायची, तर सांगणाऱ्यालाच उचलावे लागते.

चार हुतात्मा चौकातल्या पुतळ्यांना दर जानेवारीत हार पडतात. त्या चौघांपैकी एक जण पेपर काढत होता, हेही त्या हारासोबत आठवावे.

(पुढील लेखांकात : स्वातंत्र्यानंतरची दैनिके आणि ‘संचार’चा उदय)