खेळाच्या रकान्यात काय लिहिणार?

२०३०च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाल्या. त्याआधी जुलै २०२५मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘खेलो भारत नीती’ मंजूर केली आणि तिची नव्या शैक्षणिक धोरणाशी सांगडही घातली. तेव्हापासून व्यासपीठावर उभा राहिलेला प्रत्येक पाहुणा एक वाक्य म्हणतोच: मैदानावर घाम गाळणारी मुले अभ्यासात आणि नोकरीतही पुढे जातात. जातात का? आणि जात असतील तर कशाच्या जोरावर?

हे ताडून पाहायला दिल्लीतला कस्तुरबा गांधी मार्ग बरा. त्याच्या इंडिया गेटकडच्या टोकाला नवे महाराष्ट्र सदन आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेच्या मुलाखती सुरू झाल्या की राज्यातले उमेदवार इथे मुक्कामाला येतात. आयोगाचे ढोलपूर हाऊस तिथून जवळच. प्रत्येकाच्या सविस्तर अर्जात पदके, सांघिक खेळ, एनसीसी यांचा रकाना असतो. शाळेत कधी काळी जिल्ह्याला कबड्डी खेळलेला मुलगा तिथे ‘कबड्डी’ लिहून बसतो आणि मग मुलाखतीच्या आदल्या रात्री मैदान १३ बाय १० मीटर, बोनस रेषा कुठे, एका संघात किती राखीव, याची घोकंपट्टी करतो. सात वर्षे अंगाला माती लागली, ती आता नोट्समधून पाठ करायची!

गंमत अशी की या परीक्षेत खेळाडूंना कोटा नाही. एकूण २०२५ गुण, त्यातले २७५ मुलाखतीचे. खेळाचा वेगळा गुण एकही नाही. तरीही पूर्वपरीक्षेत दोनदा आपटून तिसऱ्यांदा बसणाऱ्या मुलाला मैदानाचा उपयोग होतो, असे माझे मत आहे. हरलेल्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा सरावाला जावे लागते, ही सवय कोणताही क्लास लावत नाही. फक्त ती प्रमाणपत्रावर छापता येत नाही.

छापता येते त्याचा बाजार मात्र तेजीत आहे. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण, केंद्राच्या ‘क’ गटातही खेळाडूंची भरती, दहावी-बारावीला वाढीव गुण. हेतू चांगलाच. पण ट्रॅम्पोलिनसारख्या खेळाची बोगस प्रमाणपत्रे काढून लोक सरकारी नोकरीत शिरले आणि शेवटी सरकारलाच ‘प्रमाणपत्रे परत करा’ असे आवाहन करावे लागले. खऱ्या खेळाडूच्या जागेवर घाला घालणारी ही चोरी आहे, आणि आपण तिच्याकडे फारच सौम्यपणे पाहिले.

नोकरीसाठी खेळणे यात मला कमीपणा दिसत नाही. तालुक्याच्या मैदानावर पहाटे धावणाऱ्या पोरांपैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे ऑलिम्पिक नसते, पोलीस भरती असते: १६०० मीटर धावणे, १०० मीटर, गोळाफेक, मिळून ५० गुण. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा नेमबाज स्वप्नील कुसळे २००९मध्ये राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि २०१५मध्ये मध्य रेल्वेत लागला. तिकीट तपासनिसाच्या त्या पगारावर रायफल चालू राहिली. १ ऑगस्ट २०२४ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळाले आणि रेल्वेने लगेच बढती दिली. नोकरी आधी आली, पदक नऊ वर्षांनी. हा क्रम धोरण लिहिणाऱ्यांनी भिंतीवर लावावा.

पदकानंतर लगेच बढतीचा मान प्रत्येकाला मिळत नाही. पैलवान खाशाबा जाधव हे गोळेश्वरचे, कराडच्या टिळक हायस्कूलचे आणि पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. १९४८च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये सहावे आले. १९५२च्या हेलसिंकीसाठी पैसा उभा राहीना, तेव्हा महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून ७ हजार रुपये दिले. विद्यार्थ्याच्या खेळासाठी घर पणाला लावणारा प्राचार्य! आज नॅकच्या कोणत्या निकषात हे बसेल? खाशाबांनी कांस्यपदक आणले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. परतल्यावर कुस्त्यांचे फड भरवून पैसे जमवले आणि प्राचार्यांचे घर सोडवले. १९५५मध्ये ते पोलिसांत फौजदार झाले, पण बढतीसाठी वर्षानुवर्षे तिष्ठत राहिले. सहायक आयुक्तपद अगदी निवृत्तीच्या तोंडावर आले. १९८४मध्ये अपघाती मृत्यू, अर्जुन पुरस्कार मरणोत्तर. कस्तुरबा गांधी मार्गापासून थोड्याच अंतरावर, इंदिरा गांधी क्रीडा संकुलात, आज त्यांच्या नावाचे कुस्ती सभागृह आहे. सदनात उतरणाऱ्या किती मराठी मुलांना ते ठाऊक असेल, कोण जाणे.

शिक्षणसंस्थांत आता थोडी हालचाल दिसते. आयआयटी मद्रासने २०२४पासून प्रत्येक बीटेक शाखेत खेळाडूंसाठी दोन जादा जागा ठेवल्या, त्यातली एक मुलींसाठी. मात्र जेईई अ‍ॅडव्हान्स्डच्या गुणवत्ता यादीत नाव हवेच. मला ही पद्धत पटते. ती खेळाडूवर दया दाखवत नाही आणि अभ्यासाला सूटही देत नाही. वाढीव गुणांच्या खिरापतीपेक्षा असे दार केव्हाही चांगले.

पण त्या दारापर्यंत पोचायला मूल आधी खेळत राहिले पाहिजे, आणि आपल्याकडे दहावीचा क्लास लागला की पहिली गदा मैदानावर येते. शाळा पीटीच्या तासाला गणित घेतात, पालक खूश होतात. तेव्हा पालकहो, यंदा क्लासचे वेळापत्रक ठरवताना संध्याकाळचा एक तास मैदानाचा राहू द्या. त्याला गुण नाहीत, तरी राहू द्या.