काटा, संगणक आणि बिलाचा घोळ

सुकामेवा, मसाले, भंगार, चांदीकाम अशा वजनावर चालणाऱ्या धंद्यांत इलेक्ट्रॉनिक काटा थेट संगणकाला जोडता येतो. आकडा हाताने लिहिण्याचे काम वाचते. पण काही बांधव सांगतात की काट्यावर एक वजन दिसते आणि बिलात दुसरेच येते, किंवा गर्दीच्या वेळी प्रोग्राम गोठतो. काटा दुरुस्तीला टाकण्यापूर्वी प्रोग्राम तपासून घ्या, असे आम्ही सुचवतो.

काटा बोलतो तो सिरियल पोर्टमधून. आरएस-२३२ ही त्याची पद्धत १९६० ची. अक्षरे एकामागून एक तारेतून येतात. ९६०० चा वेग ठेवला, तर सेकंदाला सुमारे ९६० अक्षरे. नव्या संगणकावर हे पोर्ट सहसा नसते, तेव्हा यूएसबी कन्व्हर्टर लावावा लागतो.

खरी गोम पुढे आहे. काट्याने '१२.४५०' पाठवले, तरी प्रोग्रामच्या हाती आधी '१२.' आणि मग '४५०' पडू शकते. पहिल्याच तुकड्यावर बिल केले, तर ४५० ग्रॅम गेले. ८०० रुपये किलोच्या काजूत हे ३६० रुपये होतात! म्हणून आलेली अक्षरे साठवत राहावी आणि ओळ संपल्याची खूण आल्यावरच वजन वाचावे. काटा 'वजन स्थिर' अशी खूण पाठवत असेल, तर तीही पाहावी.

आता गोठण्याचे कारण. दुकानात मालक गल्ल्यावर आणि मदतनीस काट्यावर असतो. मालकच काट्याकडे टक लावून बसला, तर गिऱ्हाईक खोळंबते. प्रोग्रामचेही तसेच. पडदा सांभाळणारा मुख्य थ्रेड पोर्टची वाट पाहत बसला, की पडदा गोठतो. यासाठी पोर्ट वाचायला वेगळा थ्रेड हवा. मात्र मदतनिसाने मालकाच्या वहीत परस्पर लिहू नये. त्याने वजनाची चिठ्ठी रांगेत ठेवावी, मालकाने ती उचलावी. विंडोजच्या डॉटनेटमध्ये डेटा आल्याची सूचना वेगळ्याच थ्रेडवर येते. तिथून थेट पडद्याला हात लावला, तर चूक होते.

प्रोग्राम बंद करतानाही जपावे. मालक मदतनिसासाठी थांबला आणि मदतनीस मालकासाठी, तर दोघेही तिथेच अडकतात. म्हणून मदतनिसाने चिठ्ठी ठेवून पुढे जावे, उत्तरासाठी थांबू नये.

प्रोग्राम विकत घेताना स्वतः परीक्षा घ्या. प्रमाणित वजन ठेवून वीस-पंचवीस बिले काढा. मध्येच केबल काढा. पडद्यावर जुना आकडा तसाच राहिला, तर तो प्रोग्राम परत करा. त्या जुन्या आकड्यावर पुढच्या गिऱ्हाइकाचे बिल निघेल, आणि मापात पाप केल्याचा ठपका प्रोग्राम लिहिणाऱ्यावर नव्हे, आपल्या दुकानावर येईल.