ओलसर जागेंतील जलब्राह्मी

विहिरीजवळच्या हौदापाशीं अगर पाटाच्या गळतीखालीं बारमाही ओल धरणारा एखादा तुकडा बहुतेक प्रत्येक बागाइतांत असतो. आमच्या दप्तरांत अशी जागा पोटखराब्यांत गेली कीं तिचा विचार संपे. परंतु जलब्राह्मीस नेमकी अशीच जागा मानवते.

प्रथम नांवाचा घोळ निस्तरला पाहिजे. ब्राह्मी या एकाच नांवानें दोन निरनिराळ्या वनस्पति ओळखल्या जातात. जिचें पान वाटोळसर, कडेस दातेरी व लांब देठाचें, ती मंडूकपर्णी ऊर्फ कारिवणा. दुसरी जलब्राह्मी, शास्त्रीय नांव बाकोपा मोनिएरी. हिचीं पानें लहान, जाडसर, गुळगुळीत, समोरासमोर येणारीं; फूल पांढरें किंवा फिकट जांभळें; चव कडू. प्रस्तुत लेख हिच्याविषयीं आहे.

बियांच्या खटपटीस लागूं नये. जमिनीवर सरपटणाऱ्या दांडीस पेऱ्यापेऱ्यावर मुळ्या फुटतात. तेव्हां तीन-चार इंचांचे तुकडे पावसाळ्याच्या आरंभीं चिखल केलेल्या वाफ्यांत चार-चार इंचांवर टोंचावे. वाफा वाळूं देऊं नये. आरंभीं तण हातानें काढावें. पुढें दाट थर झाला कीं तें काम हलकें होतें. अडीच-तीन महिन्यांनीं, तळाशीं दोन-तीन बोटें दांडी राखून वरचा भाग कापावा, म्हणजे पुन्हा फुटवा येतो. कापलेला माल सावलींत सुकवावा.

आतां मुख्य गोष्ट. मीं पहिल्या वर्षीं ही न्हाणीच्या सांडपाण्यावर लाविली. वाढ अशी झाली कीं शेजारी पाहण्यास येत. नातवास रोज तिचा रस द्यावयाचें घरांत ठरलें होतें. परंतु एका जाणत्या वैद्यांनीं जागा पाहतांच तें बंद करविलें. जलब्राह्मी पाण्यांतील व गाळांतील शिसें, कॅडमियम, क्रोमियम यांसारखे जड धातु शोषून अंगांत सांठविते; दूषित पाणी निवळण्याच्या प्रयोगांत तिचा याच गुणासाठीं उपयोग झाला आहे. असें पीक दिसण्यांत हिरवेंगार असूं शकतें, आणि आंत मुरलेला धातु धुतल्यानें जात नाहीं. सांडपाण्यांतील रोगजंतूंची भीति ती निराळीच. म्हणून कारखान्याच्या नाल्यांतील, गांवाच्या खालच्या अंगाच्या ओढ्यांतील, किंवा फवारणी केलेल्या शेताचें पाणी जेथें उतरतें तेथील ब्राह्मी कोणीं फुकट दिली तरी पोटांत घेऊं नये. चांगल्या जागेची असली तरी मात्रा वैद्यासच विचारावी.

मीं तो वाफा उपटून टाकिला व विहिरीच्या पाण्यावर नवा केला. बेणें जुन्या वाफ्याचें न घेतां दुसरीकडून आणिलें. मोरीपाशीं आतां कर्दळ आहे.